यंत्र कुठे आहे?

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे एक काका उभे होते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. सगळी नोकरी कारखान्यात झालेली, त्यामुळे चौकशी अगदी मुद्देसूद.

“काय करता आपण?”

“औषधाच्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहितो. पंपावर जो छोटा पडदा असतो ना, त्यावर काय दिसावं ते माझं काम.”

“वा! कंपनी लांब आहे का?”

“बहुतेक दिवस घरूनच करतो.”

“मग पंप घरी आणून ठेवलाय?”

“नाही, पंप अजून तयार व्हायचाय.”

काकांनी मसालेभाताचा डाव हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे यंत्र नाही, आणि यंत्राचं काम मात्र चालू आहे! मग यंत्र कुठे आहे?”

मागची मंडळी भुकेली होती, रांग पुढे सरकली आणि उत्तर राहून गेलं. पुढच्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला, “या अंकासाठी काहीतरी लिहा. मात्र पाककृती नको, तीन येऊन पडल्यात.” म्हटलं, काकांचं उत्तर देणं बाकी आहे, तेच इथे देऊन टाकावं. काका आता भारतात परत गेलेत, पण त्यांच्या चिरंजीवांकडे हा अंक जातोच.

सुरुवात जरा मागून करतो. १९९३ साली मी भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात लागलो. आम्ही वजनकाट्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवायचो. तेव्हाचा पडदा म्हणजे दोन ओळी, एका ओळीत सोळा अक्षरं, बस्स. प्रोग्राम ‘ईप्रॉम’ नावाच्या चिपमध्ये भरायचा. या चिपच्या पाठीवर काचेची एक बारीक खिडकी असते. आतलं पुसायचं झालं तर चिप अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग पुन्हा भरायची, बोर्डात बसवायची आणि बघायचं. ‘वजन’ ऐवजी ‘वजण’ असा काहीसा घोळ स्पेलिंगात झाला, की गेला अर्धा तास. माझे तेव्हाचे साहेब फार शिस्तीचे. ते म्हणायचे, “आधी कागदावर चालव, मग चिपला हात लाव.” त्यासाठी आम्ही चौकटीच्या वहीत सोळा चौकोनांच्या दोन ओळी आखून पेन्सिलने एकेक अक्षर भरायचो. मजकूर मावतो का, वाचता येतो का, ते आधी वहीत बघायचं.

आज मी जे करतो ते हेच. वहीच्या जागी कॉम्प्युटर आला, एवढाच फरक.

आता पडद्याचं गणित सांगतो, कारण ते वाटतं तेवढं अवघड नाही. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. आमच्या पंपाचा पडदा २.८ इंची. त्यावर आडवे २४० आणि उभे ३२० ठिपके, म्हणजे एकूण ७६,८०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला दोन बाइट लागतात, म्हणजे सगळे मिळून १,५३,६०० बाइट. मेमरीच्या ज्या तुकड्यात हे रंग ओळीने मांडलेले असतात त्याला ‘फ्रेमबफर’ म्हणतात. माझा प्रोग्राम त्या तुकड्यात रंग भरतो आणि तिथून ते पडद्यावर जातात. प्रोग्रामला पडदा कधी दिसतच नाही. त्याला दिसतो तो फक्त मेमरीचा तुकडा.

गंमत इथेच आहे. प्रोग्रामला पडदा दिसत नसेल, तर खरा पडदा असायला तरी कशाला हवा? घरच्या कॉम्प्युटरमध्ये तेवढ्याच मापाचा मेमरीचा तुकडा बाजूला काढायचा. माझा प्रोग्राम त्यात रंग भरतो आणि दुसरा एक छोटा प्रोग्राम तोच तुकडा वाचून एका खिडकीत रंगवून दाखवतो. त्या खिडकीत मी माउसने क्लिक केलं, की तो प्रोग्राम माझ्या प्रोग्रामला सांगतो, “अमुक ठिकाणी बोट लागलं.” पंपाच्या प्रोग्रामला वाटतं आपण पंपातच आहोत. प्रत्यक्षात तो माझ्या तळघरातल्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी चालू असतो. याला आमच्या लाइनीत ‘व्हर्च्युअल डिस्प्ले’ म्हणतात. आपण आभासी पडदा म्हणू.

ही काही माझी हुशारी नाही. नॉर्वेतल्या ट्रोलटेक या कंपनीने २००० साली लहान यंत्रांसाठी ‘क्यूटी एम्बेडेड’ बाजारात आणलं, त्याच्या जोडीला असा आभासी पडदा होता. त्याचं नाव ‘क्यूव्हीएफबी’. शार्पचा झॉरस नावाचा खिशातला कॉम्प्युटर काहींना आठवत असेल. त्यावर हेच क्यूटी होतं, आणि त्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी आपलं काम आधी या आभासी पडद्यावर चालवून पाहिलं. पुढे २०१२ साली क्यूटीची पाचवी आवृत्ती आली तेव्हा ती जुनी व्यवस्था गेली. आता दुसरी साधनं आहेत. ‘एलव्हीजीएल’सारखी फुकट मिळणारी लायब्ररी घेतली तर तीही घरच्या कॉम्प्युटरवर खिडकीत चालवता येते. साधनं बदलली, कल्पना तीच राहिली.

२०२२च्या सुरुवातीला या कल्पनेनेच आम्हाला तारलं. आठवत असेल, त्या काळात जगभर चिपांचा तुटवडा होता. मोटारी तयार होऊन चिपांवाचून उभ्या होत्या. आमचे बोर्डही अडकले. आज येतील, उद्या येतील करता करता अकरा आठवडे गेले. पण काम थांबलं नाही. मी घरी बसून सगळे पडदे लिहिले, जर्मन आणि फ्रेंच मजकूर घालून पाहिला (जर्मन शब्द बटणाबाहेर पळतात!), दर रात्री कॉम्प्युटर आपणहून एकेका पडद्याचं चित्र काढून कालच्या चित्राशी ठिपका न् ठिपका ताडून बघायचा. बोर्ड हातात असते तरी इतकं काम झालं नसतं.

अर्थात, आभासी पडदा काय सांगत नाही हेही मला ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होतो.

पहिली गोष्ट मापाची. साध्या मॉनिटरवर एका इंचात ९६ ठिपके बसतात, आमच्या पंपावर १४३. म्हणजे माझ्या टेबलावर सगळं दीडपट मोठं दिसायचं. मॉनिटरवर साडेदहा मिलिमीटरचं दिसणारं बटण पंपावर सातच मिलिमीटरचं, आणि ते दाबणार कोण, तर रबरी हातमोजा घातलेला अंगठा. माउसचं टोक कुठेही जातं, अंगठा जात नाही. म्हणून मी खिडकी लहान करून खऱ्या मापाची केली.

दुसरी गोष्ट वेगाची. घरच्या कॉम्प्युटरला १,५३,६०० बाइट म्हणजे काहीच नाही. पंपात मात्र तेच रंग एका बारीक तारेवरून एकेक बिट करून पडद्याकडे जातात. सेकंदाला एक कोटी बिट गेले तरी पूर्ण पडदा रंगवायला सव्वाशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ चित्रं. टेबलावर सुळकन सरकणारी यादी तिथे गचके खाते. म्हणून मी आभासी पडद्याला मुद्दाम वेसण घातली, सेकंदाला आठच चित्रं दाखव म्हटलं.

तिसरी गोष्ट मेमरीची. आमच्या चिपमध्ये ती १२८ किलोबाइट होती, म्हणजे पडद्याचं एक अख्खं चित्रही तिच्यात मावत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी रंगवावं लागतं. तेही मी टेबलावर तसंच करून पाहिलं.

इतकी काळजी घेतल्यावर मला जरा अभिमान वाटायला लागला होता. असो.

बोर्ड आले. प्रोग्राम भरला, पडदा उजळला. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, मध्ये ठसठशीत हिरवे आकडे. टेबलावर जसं होतं, अगदी तसंच. मोठे साहेब बघून गेले, टाळ्याबिळ्या झाल्या. तपासणीच्या यादीत एक ओळ होती, ‘इशाऱ्यांचे रंग बरोबर आहेत.’ तिच्यापुढे मी आठवड्यापूर्वीच आभासी पडद्यावरची चित्रं जोडून सही केली होती. पुन्हा बघायचं मनातही आलं नाही.

आता वैद्यकीय यंत्रांच्या इशाऱ्यांचे रंग कोणी आपल्या आवडीने ठरवत नाही. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०६०१-१-८. अगदी तातडीचा इशारा लाल, जोरात लुकलुकणारा. मधला पिवळा, सावकाश लुकलुकणारा, म्हणजे लौकर येऊन बघा. सगळ्यात खालचा आकाशी किंवा पिवळा, स्थिर, म्हणजे सवडीने बघा. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत हे रंग मुरलेले असतात.

पंप वापरून बघायला एका अनुभवी नर्सबाईंना बोलावलं होतं. वीसेक वर्षं वॉर्डात काढलेल्या बाई. त्या दिवशी फक्त पडदाच तपासायचा होता म्हणून आवाज बंद ठेवला होता. त्यांना सांगितलं, तुम्ही तुमचे कागद भरत बसा, पंपाने काही सांगितलं तर वॉर्डात जसं करता तसं करा. आम्ही शेजारच्या खोलीतून काचेतून बघत होतो. ठरल्याप्रमाणे ‘औषधाची पिशवी संपत आली’ हा मधला इशारा लागला. बाईंनी मान वर करून पंपाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घालून लिहू लागल्या. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. माझ्या शेजारचा सहकारी पुटपुटला, “वाचता येत नाहीये की काय?” अक्षरं लहान राहिली असतील असं मलाही वाटलं.

शेवटी आत जाऊन विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “दिसलं की. पण आकाशी आहे ना? लुकलुकतंय हे जरा विचित्र वाटलं, पण रंग सवडीचा आहे. कागद संपवून उठणारच होते.”

मी वाकून पाहिलं. जो इशारा माझ्या टेबलावर तीन महिने पिवळा होता, तो पंपावर स्वच्छ आकाशी होता.

झालं होतं ते असं. प्रत्येक ठिपक्याच्या सोळा बिटांपैकी पाच लाल रंगाचे, सहा हिरव्याचे, पाच निळ्याचे. हिरव्याला एक जास्त, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या छटा जास्त बारकाईने ओळखतो. लाल एका टोकाला, निळा दुसऱ्या टोकाला, हिरवा मध्ये. कोणत्या टोकाला लाल मानायचं हे पडद्याच्या चिपमध्ये एका बिटाने ठरतं. आमच्या बोर्डावर ते बिट उलटं लागलं होतं. टोकं बदलली की लालचा निळा होतो. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, त्याचा झाला निळा अधिक हिरवा, म्हणजेच आकाशी. लौकर या म्हणणारा इशारा सवडीने या म्हणू लागला.

आणि मुख्य पडद्यावर हे का कळलं नाही? हिरवा मध्ये असतो, टोकं उलटली तरी तो जागचा हलत नाही. पांढऱ्यात सगळे रंग पूर्ण, काळ्यात सगळे शून्य, तेही बदलत नाहीत. आमचा मुख्य पडदा नेमका काळा, पांढरा आणि हिरवा! चूक असली काय आणि नसली काय, तो सारखाच दिसणार. तो बघून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

तो पंप कुणा रोग्याला लावलेला नव्हता हे देवाचे उपकार. काही औषधं अशी असतात की पिशवी रिकामी होऊन चालत नाही. बाईंची काहीच चूक नव्हती, यंत्राने सांगितलं तसंच त्या वागल्या. त्या यादीवर सही माझी होती. साहेब काही बोलले नाहीत, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुरुस्ती एका बिटाची, एका मिनिटाची. पण दोन नियम मी तेव्हापासून घालून घेतले. कुठलाही नवा बोर्ड आला की त्यावर पहिलं चित्र सुंदर पडद्याचं लावायचं नाही. लाल, हिरवा, निळा, पिवळा, आकाशी असे पाच पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर त्या रंगाचं नाव. निळ्या पट्ट्यावर ‘लाल’ लिहिलेलं दिसलं तर झाडूवालासुद्धा सांगेल काहीतरी चुकलंय. दुसरा नियम, यादीत दोन रकाने केले: ‘आभासी पडद्यावर पाहिलं’ आणि ‘यंत्रावर पाहिलं’. पहिल्यातली खूण दुसऱ्यात चालत नाही.

एवढ्यावर लेख संपवणार होतो. पण दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत ती असणार.

माझी आई वाईला एकटी राहते. दर रविवारी आमचे सकाळचे नऊ वाजले, की तिकडे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. तेव्हा आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला. “जेवलीस का?” “हो.” “तब्येत?” “झकास.” “औषध घेतेस ना?” “घेते रे.” चेहरा हसरा, मागे ओळखीची भिंत, भिंतीवर बाबांचा फोटो. फोन ठेवला की मी निर्धास्त.

२०२३च्या जानेवारीत तीन आठवड्यांसाठी गेलो. घरात पाऊल टाकलं तर तिचा पलंग बाहेरच्या खोलीत. वर माडीवर जाऊन तिला पाच महिने झाले होते. देव खाली आणून कपाटात मांडलेले. भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल पडत नव्हतं. जेवण रोज होत होतं हे खरं, पण डबा शेजारच्या काकू पाठवत होत्या. गुडघा सुजलेला. मी रागावलो, “आई, इतकं झालं आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस?” ती म्हणाली, “तू विचारलंस तेवढं सगळं खरंच सांगितलं की. जेवत होते, औषध घेत होते.”

आणि मला त्या नर्सबाई आठवल्या. मी दर रविवारी जे विचारत होतो त्याचं उत्तर आई बरी असली तरी तेच आणि नसली तरी तेच. माझे सगळे प्रश्न काळे, पांढरे आणि हिरवे होते. फोनच्या चौकटीत मावेल तेवढं बघून मी दुसऱ्या रकान्यातही सही करत होतो.

साताऱ्याला डॉक्टरांना दाखवलं, व्यायाम सुरू केले, वॉकर आणला, दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या. आता बरं आहे. पुण्याहून धाकटा भाऊ महिन्यातून एकदा जाऊन येतो. रविवारचा फोन चालूच आहे, पण प्रश्न बदललेत. “फोन घेऊन जरा स्वयंपाकघरात जा बरं.” “आज तुळशीला पाणी कुणी घातलं?” “खुर्चीतून उठून दाखव.” परवा ती हसून म्हणाली, “माझं टेस्टिंग चालवलंयस का रे?” मी म्हटलं, हो.

दूर राहणाऱ्याला आभासी पडद्यावाचून गत्यंतर नाही. माझं पोट त्यावर चालतं आणि आईचा चेहराही त्यातूनच दिसतो, तेव्हा त्याला नावं ठेवणारा मी कोण! फक्त चूक असेल तर ज्यात ती दिसून येईल असंच काही त्याला विचारावं, आणि जमेल तेव्हा विमानाचं तिकीट काढून दुसरा रकाना भरून यावा.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी यंत्र कारखान्यात तयार होत होतं आणि माझ्यासमोर होती ती त्याची चौकटीची वही. आता नवा बोर्ड आलाय. पाच पट्टे लावून पाहिले, लालवर ‘लाल’च लिहिलेलं होतं. पुढच्या वेळी मुलाकडे याल तेव्हा आमच्याकडे चहाला या, यंत्र दाखवतो.